आठ मेंदू आणि एक दादा

४ फेब्रुवारी

आज सकाळी मालकांनी आम्हा तिघांना आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. मालकांनी दार लावलं की दोनच शक्यता. एक तर कुणाला तरी काढणार, नाही तर नवीन काहीतरी काढणार. मी, चित्रकार आणि अक्षरवाली, तिघं एकमेकांकडे बघायला लागलो.

नवी डायरी आहे, तर नीट लिहून ठेवते. चित्रकाराला सगळे खोडरबर म्हणतात, कारण त्यानं काढलेली रेघ त्याला खोडताना कुणी पाहिलेलं नाही. अक्षरवाली म्हणजे आमच्या चित्रकथांच्या फुग्यांत संवाद लिहिणारी. मी गोष्टी लिहिते. बाकी सगळं, म्हणजे रागावणं, धावपळ आणि चहा, मालक करतात.

तर नवीन काढायचं निघालं. "आपली भुतांची मासिकं आता भुतंसुद्धा वाचत नाहीत," मालक म्हणाले. "महानायक हवा. उडणारा नको, उडणारे सगळ्यांकडे आहेत. बुद्धिमान हवा. इतका बुद्धिमान की वाचणाऱ्याला आपण मठ्ठ आहोत असं वाटलं पाहिजे."

"मग वाचेल कोण?" खोडरबर म्हणाला.

मालकांनी ते कानाआड केलं. दर पंधरवड्याला एक अंक, सहा अंकांची गोष्ट. चाललं तर चाललं. नाही चाललं तर खालच्या टायरवाल्याला आमचा मजला गोदामासाठी हवाच आहे.

बसमध्ये नाव सुचलं. अष्टमेंदू! आठ माणसांचे मेंदू एका डोक्यात. आनंदाच्या भरात एक थांबा पुढे गेले.

७ फेब्रुवारी

जेवताना दादाला सगळं सांगितलं. आईबाबा गेल्यापासून आम्ही दोघंच आहोत. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतो आणि संध्याकाळी माझ्या गोष्टींना नावं ठेवतो.

"नायक ठीक आहे," तो म्हणाला. "खलनायक कोण?"

"प्राध्यापक विस्कट. आधी महाहुशार असतो. मग त्याचं डोकं फिरतं, वेड्यांच्या इस्पितळातून पळतो आणि धरण फोडतो."

"का फोडतो?"

"वेडा आहे म्हणून."

दादानं घास हातातच धरून ठेवला. "लेखिकाबाई, मी दोनदा होतो त्या इस्पितळात. धरणाचा विषय कधी निघालाच नाही. संध्याकाळी बिस्किटं दोन मिळणार की तीन, यावरून मात्र तुंबळ युद्धं व्हायची."

मी हसले, तोही हसला. "गोष्ट आहे रे," मी म्हटलं.

"हो, हो. गोष्टच आहे," तो म्हणाला आणि ताट घेऊन उठला. नेहमीपेक्षा जरा लवकर उठला, असं आता लिहिताना वाटतंय.

१२ फेब्रुवारी

पहिल्या अंकाची पानं सुरू झाली. अक्षरवालीचे डोळे दुखतात. काल तिनं 'क्षणभर'चा 'क्षुणभर' केला. तिच्या हातून चूक म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवण्यातला प्रकार. तिला दादाच्या दुकानात पाठवलं. "माझं नाव सांगा," म्हटलं, "नीट काम करेल. थोडा बडबड्या आहे, मनावर घेऊ नका."

२० फेब्रुवारी

अक्षरवालीचा चष्मा झाला, दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा निघाला. पण नाकावर बोचतो म्हणे. आज पुन्हा दुकानात गेली होती.

२ मार्च

पहिला अंक बाहेर! स्टेशनजवळच्या स्टॉलवर मी स्वतः जाऊन उभी राहिले, अनोळखी बाईसारखा चेहरा करून. शाळेतल्या दोन मुली एकच अंक दोन्हीकडून धरून वाचत होत्या. एक म्हणाली, "आठ मेंदू असतील तर डोकं दुखलं की आठपट दुखत असेल." हे मला का नाही सुचलं?

घरी दादानं अंक लागोपाठ तीनदा वाचला. मी किती वेळ त्याच्या तोंडाकडे बघत बसले होते.

"कशी वाटली?"

"अक्षर फार सुंदर आहे," तो म्हणाला.

आता याला काय म्हणावं! मी रुसून पाठ फिरवली, तरी त्याच्या लक्षात आलं नाही. एका फुग्यातल्या 'ळ'वर बोट ठेवून तो बसला होता.

९ मार्च

दादा शीळ घालतोय. आज निळा शर्ट घेऊन आला. सगळे चांगले शर्ट ठेवणीत टाकून विटके घालणारा माणूस!

माझ्या मनात पाल चुकचुकली. पूर्वीही अशीच सुरुवात झाली होती. विद्यापीठात गणित करत होता तेव्हा. आधी शीळ, मग झोप कमी, मग बोलणं सुसाट. शहरातल्या सगळ्या सिग्नलचं सूत्र आपल्याला सापडलंय, म्हणून एके दिवशी तो चौकाच्या मधोमध उभा राहिला आणि हात वर करून वाहतूक चालवायला लागला. एका ट्रकवाल्यानं गाडी आडवी लावून त्याला वाचवलं. त्यानंतरचं वर्ष तर आठवायलाही नको. पण आता कित्येक वर्षं तो गोळ्या वेळेवर घेतो, काम करतो, छान आहे. छान होता.

कामाचं निमित्त काढून मी विचारलं, "तेव्हा नेमकं कसं वाटायचं रे? अष्टमेंदूसाठी हवंय."

त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. "सगळं कळतंय असं वाटायचं. दारं उघडत जावीत तसं, एकामागून एक. आणि सांगू का, फार सुख होतं त्यात. फक्त त्यातलं एकही बरोबर नव्हतं."

"पण अष्टमेंदूचं बरोबर असतं."

"त्याला कसं कळणार? त्याच्यापेक्षा हुशार कुणी नाही, म्हणजे त्याला 'चुकतोयस' म्हणणारं कुणी नाही. मला निदान तू होतीस. घरी चल म्हणालीस, मी आलो."

मी हे तिसऱ्या अंकासाठी टिपून ठेवलं. बोलताना त्याचे डोळे चमकत होते. जास्तच चमकत होते का?

२१ मार्च

दुसरा अंक पहिल्यापेक्षा जोरात गेला. मालकांनी आज दार न लावताच आम्हाला चहा दिला. खालचा टायरवाला 'सहज' वर आला आणि सहज विचारून गेला की विस्कट धरण खरंच फोडतो का.

पण माझं लक्ष कशात नाही. काल दादाबरोबर बाजारात गेले होते. तो मध्येच थांबला आणि किराणा दुकानाच्या पाटीकडे बघत म्हणाला, "तो 'झ' बघ. बिचाऱ्याला किती कोंबलंय. त्याला पाय पसरायला जागा हवी." पुढे एका औषधांच्या दुकानासमोर, "हा 'ळ' मात्र सुखी आहे."

 आजारात आकडे बोलायचे त्याच्याशी. आता अक्षरं बोलायला लागली.

त्याच्या बोटांना शाई होती. चष्म्याच्या दुकानात शाई कुठून येणार? विचारलं तर म्हणाला, "सांडली."

अक्षरवालीच्या चष्म्याची काडी पुन्हा सैल झाली. तिसऱ्यांदा! दादाला सांगायला हवं, कसल्या फ्रेमा विकता तुम्ही.

२९ मार्च

कुणाशी बोलू? खोडरबरला सांगावं तर तो 'हं' म्हणेल. अक्षरवालीला सांगणार होते, पण तिचंही काहीतरी बिनसलंय. पानं उशिरा आणते, एकटीच हसते. आज तिनं खलनायकाच्या धमकीचा फुगा इतका गोंडस लिहिला की मालकांनी विचारलं, हा धमकी देतोय की लग्नाची मागणी घालतोय.

दादा आठवड्यातून तीनदा जेवून येतो. 'मित्राकडे' म्हणतो. त्याला मित्र नाहीत. काल मला म्हणाला, "या वयात माणसाला नव्यानं सुरुवात करता येते का गं?" मी म्हटलं, कसली सुरुवात? तो म्हणाला, "कसलीही," आणि न्हाणीघरात जाऊन मोठ्यानं गायला लागला. सूर सोडून.

मी त्याच्या गोळ्यांचं पाकीट बघितलं. घेतोय. मग हे काय आहे?

३ एप्रिल

डॉक्टरबाईंकडे जाऊन आले. दादाला न सांगता. त्याच्या भल्यासाठीच ना! सगळं सांगितलं: शर्ट, शीळ, शाई, अक्षरं, गाणं.

डॉक्टरबाईंनी शांतपणे ऐकलं. "झोपतो का?"

"झोपतो. पण हसत झोपतो."

"कामावर जातो? पैसे उधळतोय? चिडतो? भरधाव बोलतो?"

"तसं नाही..."

"त्याला विचारलंत का, काय चाललंय म्हणून?"

"त्याला विचारून काय उपयोग? त्याला कळत असतं तर..." 

"निळा शर्ट हे लक्षण नाही हो," त्या म्हणाल्या. "लक्ष ठेवलंत ते चांगलंच केलंत. पण पुढच्या वेळी त्याला घेऊन या. आणि तुम्ही येऊन गेलात हे मी त्याच्यापासून लपवणार नाही."

मला त्यांचा रागच आला. सोबत राहते मी. मला कळतं की यांना?

८ एप्रिल

पाचवा अंक लिहून काढला, एका बैठकीत. आजवर लिहिलेल्यांत सगळ्यांत चांगला. चौथ्यात विस्कट धरण फोडून पकडला गेला होता. या अंकात तो बरा होऊन इस्पितळातून सुटतो. डॉक्टर म्हणतात, ठणठणीत आहे. पण अष्टमेंदू आठही मेंदू लावून हिशेब करतो आणि त्याला दिसतं की हा पुन्हा बिघडणार. म्हणून विस्कटनं काही करायच्या आधीच तो त्याला उचलतो आणि डोंगरातल्या काचेच्या खोलीत कोंडतो. प्रेमानं. कुशीत घेऊन नेल्यासारखं. शेवटच्या चौकटीत अष्टमेंदू म्हणतो, "हे तुझ्याच भल्यासाठी आहे."

खोडरबरनं वाचलं आणि 'हं' म्हणाला.

अक्षरवालीनं वाचलं आणि टाक खाली ठेवला. "हे मी लिहिणार नाही."

"का?"

"त्यानं काय केलंय? बरा झालाय, गपचूप घरी चाललाय. बागेत बसून शेंगदाणे खातोय. तुम्हीच लिहिलंय."

"पण पुढे तो..."

"पुढचं पुढे! त्याला विचारलं का कुणी? ज्याला आठ मेंदू आहेत त्याला एक तोंड नाही का विचारायला?"

 इतक्या वर्षांत तिनं मला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. एका खलनायकावरून एवढं! चष्मा काढून तिनं डोळे पुसले आणि घरी निघून गेली. नंबर परत बदलला की काय.

९ एप्रिल

आज सुटी. दादा डॉक्टरबाईंकडे नेहमीच्या तपासणीला गेला होता. आला तो सरळ माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तू जाऊन आलीस."

"हो."

"मला विचारलं का नाहीस?"

"मला भीती वाटली."

"ते कळतं मला. भीती मलाही वाटते. रोज सकाळी उठल्यावर आधी स्वतःला चाचपून बघतो मी, आज ठीक आहे ना म्हणून. पण लेखिकाबाई, मी शीळ घातली तर आजार, शर्ट घेतला तर आजार. मग मी बरा असल्याचं कशावरून ओळखणार तू? मी तोंड पाडून बसलो तर?"

 खरं म्हणजे तो तोंड पाडून बसायचा तेव्हाच मी निर्धास्त असायचे. हे लिहितानाही लाज वाटतेय.

"तू अष्टमेंदू झालीयस," तो म्हणाला. "मला काचेच्या खोलीत ठेवतेस. प्रेमानं."

"तुला कसं माहीत? पाचवा अंक तर..." मी थांबले. पाचवा अंक मालक धरून चारच जणांनी वाचला होता. "तुला काचेच्या खोलीचं कुणी सांगितलं?"

दादा लाल झाला. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल.

"अक्षरवालीनं."

"कोण अक्षरवाली? आमची अक्षरवाली?"

"तुमची एकट्यांची नाही," दादा म्हणाला.

मग शाई, मग 'ळ', मग सैल काडी, मग 'मित्र', सगळं एकदम माझ्या डोक्यात धडाधड कोसळलं. ती त्याला टाकानं लिहायला शिकवत होती! आणि ती काडी तर ती म्हणे वाटेत स्वतःच पिळून सैल करायची!

मी हसायला लागले, मग रडायला लागले, मग दोन्ही. दादा गोंधळून म्हणाला, "डॉक्टरबाईंना बोलावू का?" त्यावर दोघंही इतके हसलो की शेजारच्यांनी भिंत ठोकली.

१० एप्रिल

सकाळीच अक्षरवालीच्या घरी गेले. तिनं दार उघडलं. मी म्हटलं, "मी फार मूर्ख बाई आहे." ती म्हणाली, "आत या आधी."

तिला आजाराचं ठाऊक आहे का, हे विचारायला माझी जीभ रेटेना. तिनंच सांगितलं. दुसऱ्याच भेटीत, नाकावरची पट्टी वाकवता वाकवता दादानं सगळं सांगून टाकलं होतं. चौक, ट्रक, इस्पितळ, गोळ्या.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, बरं झालं सांगितलंत, आता जरा डावीकडून घट्ट करा."

१३ एप्रिल

आज दादा ऑफिसात आला, पहिल्यांदाच. सहाव्या अंकावरून मालक आणि मी हमरीतुमरीवर आलो होतो. मी पाचव्यातली काचेची खोली तशीच ठेवली, पण 'हे तुझ्याच भल्यासाठी आहे' ही आता अष्टमेंदूची सगळ्यांत मोठी चूक ठरणार आहे. अक्षरवाली म्हणाली, असं असेल तर लिहिते. मालकांना मात्र शेवटी विस्कट घड्याळाच्या मनोऱ्यावरून खाली फेकलेला हवा होता.

"वाचकांना न्याय पाहिजे," मालक म्हणाले. "धरण फोडलंय त्यानं!"

दादा दारात उभा होता. "बोलू का?" म्हणाला. मालकांनी हातानंच बसायला सांगितलं.

"साहेब, विस्कट खरंच आजारी होता ना? मग त्याला मनोऱ्यावरून फेकणं म्हणजे ताप आला म्हणून माणसाला मारणं. आणि तो आजारी नव्हता, नुसता बदमाश होता, तर मग त्याला बदमाश म्हणा. इस्पितळातून कशाला पळवता? आमची नाहक बदनामी कशाला करता?"

'आमची' ऐकून मालक जरा चपापले. मग त्यांनी नीट खुर्ची वळवली. "म्हणजे त्यानं धरण फोडलं, आणि तो मोकळा?"

"मोकळा कुठे? माझंच सांगतो. मी आजारी असताना हिची सायकल रस्त्यावरच्या एका अनोळखी माणसाला देऊन टाकली. मला वाटलं होतं, तो माणूस राजदूत आहे. दोष माझा नव्हता, हे डॉक्टरांनी सांगितलं, हिनंही सांगितलं. पण सायकल तर गेलीच ना? बरा झाल्यावर पहिल्या पगारात मी नवी आणली. दोष वेगळा आणि जबाबदारी वेगळी, साहेब. दोष नाही म्हणून सायकल परत येत नाही."

 मग खोडरबर, जो 'हं'च्या पुढे जात नाही, तो म्हणाला, "मग धरण विस्कटनंच बांधायला हवं."

"आणि अष्टमेंदू?" मालकांनी विचारलं.

"त्याचं अवघड आहे," दादा माझ्याकडे न बघता म्हणाला. "तो आजारी नव्हता. त्याला सगळं कळत होतं. त्यानं केलेलं पूर्ण त्याचंच."

"म्हणजे महानायक माफी मागणार? आमच्या अंकात?"

"एकाच फुग्यात," अक्षरवाली म्हणाली. "दोनच शब्द. पण फुगा मोठा."

मालकांनी कपाळ चोळलं, खिडकीतून खाली टायरांच्या ढिगाकडे बघितलं. "आणि मारामारी? मारामारीशिवाय अंक म्हणजे..."

"नदीशी मारामारी," मी म्हटलं. सुचलंच एकदम! "उरलेलं धरण तडकलंय. अष्टमेंदूला तो तडा कळलेला नाही, कारण तो विस्कटवरच डोळा ठेवून बसलाय. तो फक्त विस्कटला माहीत आहे, आणि तो काचेच्या खोलीत ओरडून सांगतोय, पण काचेबाहेर आवाज येत नाही!"

"दोन पानी पूर," खोडरबर उठून उभाच राहिला. "दोन्ही पानं भरून पाणी. एकही अंगरखा नाही."

त्याला महानायकाचा अंगरखा काढायचा मनस्वी कंटाळा आहे, हे मला आज कळलं.

२० एप्रिल

काय दिवस चाललेत! खोडरबरचा पूर बघून मालक पाय वर घेऊन बसले. टायरवाला आता रोज येतो. दादा दुकान सुटल्यावर येतो आणि चौकटींच्या कडा आखून देतो. काचा घासणारा हात, रेघ सरळच येते.

आज तो फुगा आला. अष्टमेंदू काचेचं दार उघडून विस्कटसमोर उभा आहे, शिरस्त्राण काढून. अक्षरवालीनं फुगा आखला आणि टाक माझ्या हातात दिला. "हा तुम्ही लिहा."

"माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय!"

"त्याचंही असंच येणार. सवय कुठे आहे त्याला?"

मी लिहिलं. 'मी चुकलो.' 'चु' वाकडा आला, 'लो' फुग्याच्या कडेला टेकला. खोडरबरनं लांबून, जवळून बघितलं. मला वाटलं, आता पहिल्यांदा याच्या हातात रबर दिसणार. तो म्हणाला, "राहू दे. बरोबर आहे."

दादा कडा आखत होता. मान वर न करता त्यानं पायानं माझं स्टूल हलवलं, लहानपणी हलवायचा तसं.

२५ एप्रिल

आम्ही तिघं डॉक्टरबाईंकडे गेलो. दादानंच सगळ्यांना नेलं. तिथे त्यानं आपली अट मांडली.

"मी पुन्हा आजारी पडू शकतो. पडलो तर मला कळेलच असं नाही. म्हणून तुम्ही तिघींनी लक्ष ठेवा, माझी ना नाही. पण काही वाटलं तर आधी मला विचारायचं. तोंडावर. मी नीट उत्तर दिलं नाही, तर मग खुशाल उचलून आणा इथे. तेव्हा मी आरडाओरडा केला तरी आजचं माझं बोलणं खरं धरा."

डॉक्टरबाई म्हणाल्या, याहून शहाणं बोलणं या खोलीत क्वचितच ऐकलंय.

"आणि माझ्यावर कुणी लक्ष ठेवायचं?" मी विचारलं.

तिघंही एकदम म्हणाले, "आम्ही."

डॉक्टरबाईसुद्धा! मला वाटलं होतं, त्या तरी माझ्या बाजूनं असतील.

१६ मे

शेवटचा अंक बाहेर पडला. मालकांनी सकाळपासून नखं कुरतडली. दुपारी स्टॉलवर गेलो सगळे. एक मुलगी तावातावानं मैत्रिणीला म्हणत होती, "पण विस्कटला शिक्षा का नाही?"

"धरण बांधतोय की."

"ती काय शिक्षा आहे?"

"तू बांधून बघ!"

त्यांचं भांडण मिटलं नाही. अंक मात्र दोघींनी दोन वेगळे घेतले होते. मालकांनी ते बघितलं आणि भर रस्त्यात खोडरबरला मिठी मारली. खोडरबर 'हं' म्हणाला.

टायरवाल्यानं वरचा मजला नको म्हणून सांगितलंय. गोदाम काय कुठेही मिळेल, म्हणतो, पण अंक छापायच्या आधी वाचायला कुठे मिळणार?

३१ मे

गेल्या आठवड्यात दादा आणि अक्षरवालीनं नोंदणी करून लग्न केलं, आणि आज ती आमच्याकडे राहायला आली. मी तिला 'वहिनी' अशी हाक मारून बघितली. ती म्हणाली, "दचकायला होतं, अक्षरवालीच म्हण." आता आम्ही एकमेकींना अगं-तुगं करतो. मधूनच चुकून 'अहो' निघतं.

तिचं सामान थोडंच होतं, पण लिहायचं टेबल दांडगं, जुन्या लाकडाचं. मालक, खोडरबर, दादा आणि टायरवाला अशा चौघांनी उचललं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते जे अडकलं, ते वरही जाईना आणि खालीही येईना. मालक वर अडकले, बाकी तिघं खाली. मी मधल्या पायरीवरून हुकूम सोडत होते. डावीकडे, उजवीकडे, तिरकं करा, पाय आधी. कुणी ऐकत नव्हतं आणि ऐकलं असतं तरी उपयोग नव्हता.

"अष्टमेंदूनं आधी जिना मोजला असता," दादा धापा टाकत म्हणाला.

"तुझी बायको, तुझं टेबल. तू का नाही मोजलास?"

"मी लग्न करत होतो!"

शेजारच्या आजी भाजी घेऊन खालून आल्या. कुणाला काही न म्हणता त्या टेबलाखालून वाकून पलीकडे निघून गेल्या, पिशवीसकट. तिथे जे सगळ्यांना हसू फुटलं ते आवरेना. टायरवाला तर पायरीवरच बसला. अक्षरवाली टेबलावर चढून मांडी घालून बसली आणि म्हणाली, "इथे उजेड छान आहे."

दादा तिच्याकडे बघून हसत होता. मोठ्यानं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. मग विचारलं, तोंडावर, ठरल्याप्रमाणे.

"दादा, ठीक आहेस ना?"

त्यानं श्वास घेतला, डोळे पुसले आणि खरोखर विचार केला. "ठीक आहे," तो म्हणाला. "नुसता आनंद झालाय."

"बरं," मी म्हटलं, आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला वर जाण्यासाठी टेबलाखाली वाकले.

टेबल अजून तिथेच आहे. उद्या बघू.